डोंबिवलीत घर, नवी मुंबईत नोकरी: रोज बसने जायचं की ट्रेनने?

डोंबिवली-कल्याणला भाड्याने घर घेतलं आणि नोकरी लागली ऐरोली, महापे नाहीतर वाशीला, असे लोक सतत नवीन येत असतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, की बसने जाऊ का ट्रेनने. सांगणारेही आपापल्या सोयीने सांगतात. स्टेशनजवळ राहणारा म्हणतो ट्रेनला पर्यायच नाही, आणि स्टेशनपासून लांब, पलावा टाउनशिपमध्ये राहणारा म्हणतो ट्रेनच्या भानगडीत पडूच नको. दोघंही खरं बोलतात, पण स्वतःपुरतं. मी डोंबिवली पूर्वेला राहते, ऑफिस महापे एमआयडीसीत, दोन्ही वापरून झालंय आणि अजूनही दोन्ही वापरते. खालचं सगळं डोंबिवली धरून लिहिलंय, कल्याण-ठाकुर्लीवाल्यांनी ट्रेनला थोडी मिनिटं वाढवून वाचा.

१. आधी दोन्ही टोकं बघा, मधला प्रवास नंतर

सगळेजण मधलाच प्रवास मोजतात. डोंबिवली ते ठाणे फास्टने पंधरा-सतरा मिनिटं, ठाणे ते ऐरोली नऊ-दहा मिनिटं, म्हणजे अर्धा तास, झालं! असं धरून चालाल तर पहिल्याच आठवड्यात लेट मार्क लागणार. घराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या गेटवर कार्ड पंच करेपर्यंत किती, तो आकडा धरायचा.

घराकडून सुरू करू. डोंबिवली पश्चिमेला राहत असाल तर जास्त विचार करू नका, ट्रेन. कारण बस जाते त्या शिळफाट्याच्या रस्त्याला लागायचं म्हणजे आधी कोपर पूल नाहीतर ठाकुर्लीचा पूल ओलांडून पूर्वेला यायचं, आणि सकाळी त्या पुलांवर काय असतं ते एकदा बघून या. पूर्वेला स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असाल तरी ट्रेनच. पण एमआयडीसी निवासी विभाग, मानपाडा, सोनारपाडा, काटई, पलावा असं कुठे घर असेल तर चित्र उलटं होतं. तिथून स्टेशनला यायलाच शेअर रिक्षाची लाइन, मग रिक्षा, मग स्टेशनबाहेरची कोंडी यात जितका वेळ जातो तेवढ्यात शिळफाट्याची बस बऱ्यापैकी पुढे गेलेली असते.

आता ऑफिसचं टोक. ठाणे-बेलापूर रोड आणि ट्रान्स हार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईत जाणारी रेल्वेलाइन साधारण शेजारी-शेजारी जातात. पूर्वेला एमआयडीसी, पश्चिमेला राहायच्या वसाहती. ऐरोलीच्या माइंडस्पेससारखं स्टेशनजवळचं ऑफिस असेल तर ट्रेन फायद्याची, उतरलात की चालत जाता येतं. महापे एमआयडीसीत आत असेल, मिलेनियम बिझनेस पार्कच्या बाजूला, तर घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून परत रिक्षा नाहीतर बस, आणि शिळफाट्याकडून येणारी बस मात्र महाप्यातूनच जाते. म्हणजे एकाच कंपनीतल्या दोघांना वेगळं उत्तर मिळू शकतं, एकाचं घर पश्चिमेला आणि दुसऱ्याचं काटईला म्हणून.

घर अजून घेतलं नसेल तर हे सगळं घर बघायच्या आधी करा. ब्रोकर "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणतो ती पाच मिनिटं रात्री साडेअकराला बाइकवरची असतात.

२. ट्रेनने जायचं तर रस्ता असा आहे

डोंबिवलीहून सीएसएमटीच्या दिशेची लोकल (ही मेन लाइन), ठाण्याला उतरायचं, तिथून ट्रान्स हार्बर. स्लो गाडी कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा घेत ठाण्याला जाते. फास्ट बहुतेक सरळ ठाण्याला, काही फास्ट दिव्याला थांबतात. इंडिकेटरवर एस म्हणजे स्लो आणि एफ म्हणजे फास्ट.

नवीन माणसाला वाटतं फास्टच पकडावी. सकाळी सात ते साडेनऊच्या मधे फास्ट डोंबिवलीला येते तीच कर्जत-कसारा-बदलापूरहून भरून आलेली, त्यात चढणं हेच एक काम. त्यापेक्षा डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत त्यांच्या वेळा पाठ करा. बसायला मिळेल असं नाही, पण दोन पायांवर उभं राहायला मिळतं. ठाण्यापर्यंत फरक सात-आठ मिनिटांचा, तेवढ्यासाठी रोज जीव टांगणीला लावायची गरज नाही. एक गोष्ट मात्र फास्टच्या बाजूने आहे, ठाण्याला स्लो गाड्यांचे प्लॅटफॉर्म पश्चिमेच्या बाजूला आहेत आणि ट्रान्स हार्बरचे ९, १० आणि १०ए पूर्वेच्या टोकाला, त्यामुळे स्लोने गेलात तर पुलावरचं चालणं जास्त होतं. गाडी बदलायला दहा मिनिटं धराच.

ठाण्याला पूल एकापेक्षा जास्त आहेत. पहिले दोन-तीन दिवस मुद्दाम वेगवेगळ्या डब्यांतून उतरून बघा की कुठला डबा कुठल्या जिन्यासमोर येतो. एकदा कळलं की रोज तोच डबा. चुकीच्या डब्यातून उतरलात तर अख्खा प्लॅटफॉर्म गर्दीतून उलटं चालत जिना गाठावा लागतो आणि तेवढ्यात समोर तुमची वाशी गाडी निघून जाते.

गाडीत चढल्यावर दारातच थांबू नका पण एकदम आत खिडकीशीही जाऊ नका, ठाण्याला बाहेर पडता येणार नाही. मधल्या पॅसेजमध्ये शिरा आणि मुंब्रा गेलं की पुढच्या माणसाच्या खांद्याला हळूच हात लावून विचारायचं, "ठाणा उतरणार?" तो मान हलवतो, मग तो त्याच्या पुढच्याला विचारतो, अशी लाइन लागते आणि गाडी थांबली की ती लाइन आपोआप बाहेर पडते. "नाही" म्हणाला तर तो अंग आकसून तुम्हाला पुढे जाऊ देतो. नुसते गप्प उभे राहिलात तर कोणाला कळणार तुम्हाला उतरायचंय ते. आणि कुठल्या बाजूला प्लॅटफॉर्म येणार हेही आधीच विचारून घ्या, लाजायचं नाही, रोजचे लोकही विचारतात. बाकी तीन माणसांच्या सीटवर चौथा बसतो त्याला चौथी सीट म्हणतात, "जरा सरका" म्हटलं की मिळते, अर्धं अंग बाहेर राहतं पण मिळते.

दारात लटकू नका, हे मात्र मी शंभरदा सांगेन. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि जीव गेले. ती माणसं स्टंट करत नव्हती, ऑफिसला चालली होती. पुढची गाडी येते, नाही आली तर बस आहे, नाही तर लेट मार्क.

ट्रान्स हार्बरची गाडी ठाण्यालाच सुटते त्यामुळे एक गाडी सोडली तर दुसरीत बऱ्याचदा बसायला मिळतं. इथे एक फसगत असते. तुर्भ्यानंतर लाइन फुटते, एक सानपाड्यावरून वाशीला आणि दुसरी जुईनगर, नेरूळ, बेलापूर करत पनवेलला. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथे उतरणाऱ्याने कुठलीही गाडी पकडावी. पण सानपाडा-वाशीला जाणारा पनवेल गाडीत बसला की गेला जुईनगरला, मग तिथून परत फिरा. दिघा गाव हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुन्या नकाशात दिसत नाही, घाबरू नका, ठाण्यानंतर तेच पहिलं.

बायकांसाठी: लेडीज डबा प्लॅटफॉर्मवर कुठे येतो ते बघून ठेवा, रोज जाणाऱ्या बायका बरोबर त्याच जागी उभ्या असतात, त्यांच्या मागे उभं राहायचं, विषय संपला. ट्रान्स हार्बरच्या लेडीज डब्यात मेन लाइनच्या मानाने खूप सुख आहे.

३. बसने जायचं तर

नवी मुंबईची एनएमएमटी आणि कल्याण-डोंबिवलीची केडीएमटी या दोन परिवहन सेवा इकडून तिकडे जातात. साधारण रस्ता म्हणजे डोंबिवली, मानपाडा रोडने कल्याण-शीळ रोड, मग काटई, पलावा, देसाई, शिळफाटा, तिथून डोंगराच्या रस्त्याने महापे आणि पुढे कोपरखैरणे, वाशी वगैरे. नंबर मी मुद्दाम लिहीत नाही कारण रूट बदलत असतात, स्टॉपवर उभ्या असलेल्या ऑफिसवाल्यांना विचारा, दोन मिनिटांत सगळं कळतं. बसच्या पाटीवरचं शेवटचं ठिकाण बघून चढू नका, "महापेवरून जाणार ना?" असं कंडक्टरला विचारूनच चढा.

बसचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गाडी बदलायची नाही. बसलात की बसलात, कानात हेडफोन, डुलकी, ऑफिसजवळ जाग. सकाळी सातच्या आत निघालात आणि रस्ता मोकळा मिळाला तर महापे पाऊण तासात. तोटा एकच पण तो मोठा आहे, कल्याण-शीळ रोड. भिवंडीकडचे आणि जेएनपीटी बंदराकडचे कंटेनर याच रस्त्याने, त्यात रस्त्यात मेट्रोचं काम, त्यात पलावाचं चौकातलं ट्रॅफिक. मुंब्रा बायपास दुरुस्तीला बंद झाला की तिथली अवजड वाहनंही इकडे वळतात आणि मग काही खरं नसतं. जुलै २०२५ मध्ये पलावाचा पूल सुरू झाला त्याने त्या चौकापुरता फरक पडला, पण कोंडी काय, पुढच्या नाक्यावर जाऊन उभी राहते.

म्हणून बसच्या वेळेचा भरवसा "साधारण किती लागतात" यावर ठेवू नका. "वाईटात वाईट दिवशी किती लागतात" ते विचारा. ट्रेन सरासरीला बसएवढीच लागेल कदाचित, पण ट्रेनचा चांगला दिवस आणि वाईट दिवस यात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक असतो, आणि बसचा पाऊण तास कधी दोन तास होईल ते सांगता येत नाही. ज्यांच्या ऑफिसात पंचिंगला पाच मिनिटांची पण सवलत नाही त्यांनी सकाळी बसच्या नादी लागायचं तर खूप लवकरची बस धरावी. ज्यांना फ्लेक्सी टायमिंग आहे त्यांना बस परवडते.

कुठल्या स्टॉपवर चढायचं याला पण महत्त्व आहे. बस जिथून सुटते तिथे चढलात तर सीट, मधल्या नाक्यावर चढलात तर उभं राहून डोंगर चढायचा. मधल्या स्टॉपवरून कधीकधी बस भरली म्हणून थांबतच नाही. काही जण म्हणून एक-दोन स्टॉप उलटे मागे जाऊन बसतात, तिकीट थोडं जास्त पडतं, पण तासभर बसून जायला मिळतं. माझ्या मते पैसे वसूल.

कंपनीची बस असेल तर हे सगळं वाचायची गरजच नाही, एचआरला पहिल्याच दिवशी विचारा. पुष्कळ ठिकाणी असते आणि नवीन माणसाला कोणी आपणहून सांगत नाही.

४. पैशाचा हिशोब

रेल्वेचा पास स्वस्त आहे याबद्दल वाद नाही. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस असेल तर पास घ्यायचा का रोज तिकीट, हे गणित करून बघा. उदाहरणादाखल, समजा एका बाजूचं तिकीट १५ रुपये आणि महिन्याचा पास २१५ चा. जाऊन-येऊन दिवसाचे ३० रुपये झाले, म्हणजे आठव्या दिवशी पास वसूल. महिन्यात आठ दिवस जरी जाणार असाल तरी पास काढलेला बरा, वर तिकिटाची रांग वाचते ती वेगळीच. तुमच्या पल्ल्याचे खरे आकडे ॲपवर टाकून बघा, पद्धत हीच.

तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट असतो, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. थोडक्यात तिन्हींवर सूट सारखीच, दहा टक्के. तरीही पहिल्या झटक्यात महिन्याचाच काढा. नोकरी नवीन, घर नवीन, त्यात बस जमतेय का ट्रेन तेच ठरलेलं नाही.

फर्स्ट क्लासचा पास सेकंडच्या साधारण तिप्पट-चौपट. मेन लाइनला पीक अवरमध्ये फर्स्ट क्लासलाही चेंगराचेंगरी असतेच, फक्त चेंगरणारे लोक जरा परफ्यूम मारलेले असतात. फक्त डोंबिवली-ठाणे टप्प्यासाठी मला ते पैसे जास्त वाटतात. कोणाला कंबरेचा वगैरे त्रास असेल तर वेगळं.

खरा खर्च लपलेला असतो रिक्षात. समजा घराकडे एक शेअर रिक्षा आणि ऑफिसकडे एक, प्रत्येकी १५ रुपये. दिवसाला चार वेळा म्हणजे ६० रुपये, बावीस दिवसांचे १३२०. पास २१५ चा आणि रिक्षा १३२० च्या! शेअर रिक्षा चुकून मीटरने करायची वेळ आली तर आणखी. बसचं भाडं ट्रेनपेक्षा जास्त दिसतं खरं, पण बस घराजवळून सुटून ऑफिसजवळ सोडत असेल तर या रिक्षा वाचतात. म्हणून पास विरुद्ध बसभाडं अशी तुलना करू नका, दोन्हीकडे दारापासून दारापर्यंतचा आकडा मांडा.

५. काय काय लागतं

- फोटो असलेलं ओळखपत्र, आधार चालतं. पासावर त्याचा नंबर येतो म्हणून रोज तेच ओळखपत्र जवळ ठेवायचं, टीसी विचारू शकतो.
- पासपोर्ट साइजचे दोन-तीन फोटो, बसच्या पासाच्या फॉर्मला लागतात.
- विद्यार्थी असाल तर कॉलेजचं सवलतीचं सर्टिफिकेट, ते आधी कॉलेजातून घ्यायचं, स्टेशनवर मिळत नाही.
- फोनमध्ये रेलवन (जुलै २०२५ मध्ये आलेलं रेल्वेचं ॲप, तिकीट-पास त्यावर निघतं), वेळापत्रकासाठी एम-इंडिकेटर, आणि गाडी आत्ता कुठे आहे ते बघायला यात्री.
- सुट्टे पैसे. बसमध्ये पाचशेची नोट काढलीत तर कंडक्टर काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही.
- पाठीवरची बॅग पुढे घेता येईल अशी. छत्री बॅगेत मावणारी. पॉवर बँक.

पास काढताना सगळ्यात महत्त्वाचं: "व्हाया ठाणे". नवी मुंबईला ठाण्यावरूनही जाता येतं आणि कुर्ल्यावरूनही, पासावर कुठला मार्ग छापलाय तोच चालतो. खिडकीवर नुसतं "डोंबिवली-वाशी" म्हणू नका, "डोंबिवली-वाशी व्हाया ठाणे" असं सांगा आणि हातात आल्यावर खिडकी सोडायच्या आधी वाचून बघा. मागचे ओरडतील, ओरडू देत. आणि दोन वेगळे पास काढायची गरज नाही, एकाच पासात मेन लाइन आणि ट्रान्स हार्बर दोन्ही येतं.

ॲपवर काढलेला पास साधारण दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे सोमवारपासून पास हवा असेल तर सोमवारी सकाळी स्टेशनच्या वाटेवर पास काढून उपयोग नाही, रविवारी काढा. स्क्रीनशॉट चालत नाही, ॲप उघडून दाखवावा लागतो, फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. तिकीट ॲपवर काढायचं असेल तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा, प्लॅटफॉर्मवर उभं राहून टीसी दिसल्यावर काढू म्हणाल तर निघणार नाही. सेकंडच्या पासावर फर्स्टमध्ये चुकून चढलात तरी दंड कमीत कमी २५० रुपये आणि वर भाडं. घाईत पहिल्यांदा चढताना ही गडबड हमखास होते, फर्स्टच्या डब्यावरचे पट्टे बघायची सवय करा. लोकलच्या पासावर एक्स्प्रेसच्या रिझर्व्हेशनच्या डब्यात तर अजिबात नको.

६. एक आठवडा ट्रायल घ्या, पण नीट घ्या

जॉइनिंगच्या आधी रविवारी जाऊन रस्ता बघून येणारे खूप असतात. रस्ता कळतो, ठीक आहे, पण रविवारी रुळांच्या कामाचा मेगाब्लॉक, गाड्या कमी, गर्दी वेगळी आणि रस्ते मोकळे. त्यावरून काहीच ठरवू नका. नकाशाच्या ॲपवर रात्री बघून "पस्तीस मिनिटं" दाखवतंय म्हणून खूश होऊ नका.

पहिल्या आठवड्यात पास न काढता रोज तिकीट काढा. सोमवार-मंगळवार ट्रेन, बुधवार-गुरुवार बस, शुक्रवारी जाताना एक आणि येताना दुसरं. फोनच्या नोट्समध्ये चार वेळा लिहा: घर सोडलं, पहिल्या गाडीत बसले, शेवटच्या गाडीतून उतरले, ऑफिस. एवढं पुरे. शेवटी कळतं की वेळ गाडीत जात नाही, लाइनमध्ये जातो. कोणाचा घराजवळच्या रिक्षाच्या लाइनमध्ये, कोणाचा ठाण्याच्या पुलावर. लाइन कुठे ते कळलं की वाहन बदलायची गरजही कधीकधी उरत नाही, दहा मिनिटं आधी निघून काम होतं.

सोमवार सगळ्यात वाईट असतो आणि शुक्रवारची संध्याकाळही, तेव्हा एका सोमवारवरून निकाल लावू नका.

७. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं

हे कोणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितेय. जाताना आणि येताना एकच वाहन पाहिजे असा काही नियम नाही. डोंबिवली पूर्वेच्या आतल्या भागातून महाप्याला जाणाऱ्याला सकाळी लवकरची बस आणि संध्याकाळी ट्रेन हे मला सगळ्यात बरं वाटतं. सकाळी मेन लाइनची गर्दी ठाण्याकडेच धावत असते आणि आपण त्याच लोंढ्यात, तेव्हा बस बरी. संध्याकाळी शिळफाट्याचा रस्ता कल्याणच्या दिशेने तुंबतो, तेव्हा ट्रेन बरी.

संध्याकाळच्या ट्रेनची एक युक्ती. ठाण्याला सीएसएमटीहून आलेल्या फास्टच्या मागे धावू नका, तिच्यात शिरायला जागा नसते. ठाण्याहूनच सुटणाऱ्या कल्याण, बदलापूर, कर्जत, कसारा अशा गाड्या आहेत, त्यांच्या वेळा एम-इंडिकेटरवर बघा आणि त्याप्रमाणे कोपरखैरणे किंवा घणसोलीहून निघा. सात-आठ मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर पोचलात तर बसायलाही मिळतं. कर्जत-कसारा गाडीत मात्र लांबचे लोक डोंबिवलीवाल्यांवर जरा खार खाऊन असतात, "मागची डोंबिवली होती की" असं ऐकावं लागतं, ऐकून घ्यायचं.

यात पासाचं काय, हा प्रश्न येतो. रेल्वेचा पास काढा आणि बसला रोज तिकीट. संध्याकाळचाच प्रवास धरला तरी महिन्यात पास वसूल होतो, आणि सकाळी बस बिघडली तर तोच पास कामाला येतो.

८. गोंधळाच्या दिवसांसाठी

पावसाळ्यात एक-दोन दिवस तरी असे येणारच की ट्रेन बंद. रुळांवर पाणी, नाहीतर सिग्नल फेल. तेव्हा घाईघाईत सगळे बसकडे पळतात आणि रस्ताही बंद होतो, म्हणून जोराचा पाऊस असेल त्या दिवशी घर सोडायच्या आधी यात्री उघडून गाड्या हलतायत का ते बघा. ठाण्याला अडकलात तर ठाणे स्टेशनहून कळवा-विटाव्यामार्गे ऐरोलीकडे ठाण्याच्या टीएमटीच्या आणि एनएमएमटीच्या बस जातात. फक्त विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, ते साचलं असेल तर तो रस्ताही विसरा. अशा वेळी सरळ मॅनेजरला फोन करून घरी परतणं शहाणपणाचं.

पलावा-काटईवाल्यांसाठी तिसरा एक मार्ग आहे जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. दिवा-पनवेल लाइनवर निळजे नावाचं स्टेशन आहे, पलावाच्या जवळच. तिथून तळोजा, नावडे, कळंबोली करत पनवेलला गाडी जाते. दिवसाला मोजक्याच गाड्या, त्यामुळे एक चुकली तर संपलं, पण ऑफिस तळोजा एमआयडीसी किंवा कळंबोली-पनवेलकडे असेल तर वेळापत्रक जुळतंय का ते नक्की बघा. जुळलं तर शिळफाट्याचं तोंडही बघायला नको.

रात्रपाळी किंवा उशिरापर्यंत थांबायचं काम असेल तर ठाण्याहून डोंबिवलीची शेवटची गाडी किती वाजता एवढंच बघू नका, ट्रान्स हार्बरची ठाण्याकडे येणारी शेवटची गाडी त्याच्या आधी संपते. संध्याकाळनंतर बसही विरळ होत जातात. दोन्हींच्या शेवटच्या वेळा टीमच्या ग्रुपवर टाकून ठेवा, म्हणजे साडेदहाला कोणी "अजून एक छोटा कॉल" म्हणालं तर काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला माहीत असेल.